घाण्याचा बैल आणि कोलूचा माणूस
'माझी जन्मठेप' पुन्हा वाचताना

गेल्या सुक्कोथनंतर आमच्या मोआदोनमध्ये दर मंगळवारी सकाळी मराठी वाचनाचा तास सुरू झाला. येणारी मंडळी बारा-चौदा. बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढची, आणि एक आजी तर एक्क्याण्णव वर्षांच्या. निम्म्या मंडळींची डोळ्यांची ऑपरेशने झालेली, म्हणून मोठ्याने वाचून दाखवायचे काम आमच्याकडे आले. शाळेतून निवृत्त झाले तरी मास्तरीण निवृत्त होत नाही, हेच खरे. पहिले पुस्तक कोणते घ्यावे यावर दोन मंगळवार गेले. कुणाला 'श्यामची आई' हवी होती, कुणाला काहीतरी हसवणारे हवे होते. शेवटी एका भाऊंनी पिशवीतून 'माझी जन्मठेप' बाहेर काढले. १९६९ साली मुंबई सोडताना ट्रंकेतून आणलेली प्रत. पुठ्ठा निघालेला, पाने पिवळी, कडा उंदराने की वाळवीने खाल्लेल्या. ते म्हणाले, "हे तरी वाचून संपवू. पन्नास वर्षे नुसते सांभाळले."

वाचकांपैकी अनेकांनी हे पुस्तक शाळेत असताना थोडेफार वाचले असेल. तरीही थोडक्यात सांगतो. विनायक दामोदर सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, म्हणजे पन्नास वर्षे. ४ जुलै १९११ रोजी ते पोर्ट ब्लेअरला उतरले आणि १९२१ साली त्यांना तिथून हलवण्यात आले. त्या दहा वर्षांची ही हकीकत १९२७ साली पुस्तकरूपाने निघाली. इंग्रज सरकारने पुढे तिच्यावर बंदीही घातली होती.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी पत्र लिहायला नको. सावरकरांनी १९३८ साली जाहीर सभांतून जर्मनीविषयी आणि तिथल्या यहुद्यांविषयी जे उद्गार काढले ते आम्हांला बोचतात. १९४७च्या डिसेंबरात त्यांनी यहुदी राष्ट्राच्या बाजूने निवेदन काढले, हेही तितकेच खरे. त्यांच्या राजकारणाचा निकाल लावण्याचे हे ठिकाण नव्हे. अठ्ठावीस वर्षांचा एक मनुष्य साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद कोठडीत गेला आणि तिथे त्याला काय मिळाले, काय मिळाले नाही, एवढ्याच बाजूने आम्ही हे पुस्तक वाचले.

शाळेत आम्हांला ते तसे शिकवले नव्हते. आमच्या वेळी परीक्षेत प्रश्न यायचा, धीरोदात्त वृत्तीची उदाहरणे द्या. मग आम्ही धैर्य, देशभक्ती, भिंतीवर काट्याने कोरलेल्या कविता असे मुद्दे घालून दहा ओळी लिहायचो आणि दहापैकी सात गुण मिळवायचो. पुढे मुंबईत चार वर्षे आम्ही स्वतः शिकवले, तेव्हा हेच मुद्दे फळ्यावर लिहून दिले. एकाही मुलाने विचारले नाही की बाई, त्यांना प्यायला पाणी किती मिळायचे? आम्हीही सांगितले नाही. आणि हे पुस्तक तर पानोपानी तेच सांगत असते! पाणी किती, अन्न कसले, शौचाला केव्हा सोडत, पत्र वर्षाकाठी किती. आज मोठ्याने वाचताना आमच्या लक्षात आले की लेखक जिथे मोजतो तिथे पुस्तक उभे राहते, आणि जिथे व्याख्यान देतो तिथे ते खाली बसते. मंडळींच्या चेहऱ्यांवरूनच ते कळायचे. व्याख्यानाला डुलक्या, आणि मोजणीला सगळे जागे.

कोलूचे प्रकरण आले त्या दिवशीची गोष्ट सांगायलाच हवी. कोलू म्हणजे आपला घाणा. सेल्युलर जेलमध्ये त्याला बैलाऐवजी माणूस जुंपत. दिवसाला खोबऱ्याचे तीस पौंड तेल निघालेच पाहिजे, म्हणजे आजच्या मापाने साडेतेरा किलोच्या वर. तेल कमी भरले की शिवी, मार, हातकडी. जेवणाची वेळ झाली तरी माप पुरे होणार नाही या भीतीने कैदी दांड्यावरचा हात काढत नसत. घास तोंडात, पाय फिरते, असे गरागरा फिरत जेवत. सावरकर स्वतः पहिल्या दिवशी फिरून फिरून घेरी येऊन पडल्यासारखे झाले, रात्री फळीवर अंग टाकले तरी डोके फिरतच होते, असे ते सांगतात. वर्णन लांबलचक नाही. पण पौंड, वेळ, घास, सगळे जागच्या जागी आहे.

आम्ही वाचायचे थांबलो, कारण खोलीत एकदम शांतता झाली होती. आणि ती साहजिकच होती. कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी तीळ आणि खोबरे घाण्यात घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. आपली ओळख लोकांना त्या बंद घाण्यावरून पटायची. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आजी रेवदंड्याकडच्या. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या आज्याचा घाणा होता. बैलाच्या डोल्यांना झापडं बांधलेली असत, नायतर त्याला चक्कर येते. पन दुपारला त्याला सोडायचा, पानी पाजायचा, पेंड घालायचा, मंग आजा सोता जेवायला बसायचा. शुक्करवारी दिवस कलता कलता जू उतरायचा, ते शनवारी तारे दिसंपातूर बैल मोकला."

आमच्या मते 'माझी जन्मठेप' या पुस्तकावर गेल्या शंभर वर्षांत जे काही लिहिले गेले असेल, त्यातले हे एक उत्तम भाष्य आहे. कैद्याला बैलासारखे वागवले असे आपण सर्रास म्हणतो. पण ते चूक आहे. बैलाला झापड होते म्हणजे घेरी येऊ नये याची कुणीतरी काळजी घेतली होती. बैलाला पाणी होते, पेंड होती, शब्बाथ होता. आजींच्या आज्याला तल्मूद ठाऊक नव्हता. आधी जनावराला घालावे आणि मग आपण जेवावे असे तिथे सांगितले आहे, हे आम्हांला इथे येऊन कळले. त्याने मात्र ते जन्मभर केले. पोर्ट ब्लेअरच्या कोलूवरच्या माणसाला बैलाचे हक्क मिळाले असते तर त्याचे अर्धे हाल संपले असते.

घरी आल्यावर आम्ही तोरा उघडली. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये ही आज्ञा देवारीमच्या पंचविसाव्या अध्यायात चौथ्या वचनात आहे, ती आम्हांला पाठ होती. तिच्या अगदी वरच्या, तिसऱ्या वचनाकडे इतक्या वर्षांत आमचे लक्ष गेले नव्हते. ते अपराध्याच्या शिक्षेविषयी आहे. चाळीसच्या वर फटके नकोत, कारण जास्त मारले तर तुझा भाऊ तुझ्या डोळ्यांदेखत हलका होईल. अपराधी आधी, बैल लगेच त्याच्याखाली. आणि शिक्षा भोगणाऱ्याला तिथे 'भाऊ' म्हटले आहे. विद्वान मंडळी या शेजारपणाचे काय स्पष्टीकरण देतात ते देवोत, आम्हांला ते कोलूच्या प्रकरणानंतर पुरेसे कळले.

आता पाणी आणि शौच या विषयाकडे येतो. काही वाचकांना तो अप्रशस्त वाटेल. आमच्या वाचनातही एका ताईंनी "हे सोडून पुढे जा" म्हटले. आम्ही गेलो नाही. मद्रासहून 'महाराजा' जहाजातून नेताना कैद्यांना पिंजऱ्यात कोंबले होते, आणि पन्नासेक माणसे ज्यात विधी उरकत त्या पिंपाच्या अगदी लगत सावरकरांना जागा मिळाली. तो इंग्लंडात कायदा शिकलेला तरुण त्या पिंपाशेजारी रात्रंदिवस निजला. पुढे जेलमध्ये संध्याकाळी सहाला कोठडी बंद, ती सकाळी सहाला उघडायची. मध्ये एक लहानसे मडके. तेवढ्यात भागले नाही तर कोठडीचा कोपरा, आणि सकाळी त्याबद्दल शिक्षा. दिवसाही ठरल्या वेळेखेरीज शौचाला सोडायचे की नाही हे वॉर्डरच्या मर्जीवर. उभ्याने हातकडीत टांगलेला कैदी तासन्‌तास तसाच उभा. त्याने काय करायचे? आंघोळ समुद्राच्या खाऱ्या पाण्याची, आणि तीही हुकुमावर. पाणी घ्या, अंग चोळा, पुन्हा घ्या, बस्स. कटोरे मोजलेले. एवढे समुद्राचे पाणी भोवती पसरलेले आणि कटोरे मोजलेले!

इथेच पुस्तकाची कमजोर बाजूही दिसते. पिंपाजवळ निजलेल्या माणसाचे वर्णन ऐन भरात आले असताना लेखक तत्त्वज्ञानाकडे वळतो. घाण म्हणजे तरी काय, सुगंध आणि दुर्गंध यांत भेद काय, असे विचार सुरू होतात. मनाला सावरण्यासाठी त्या वेळी त्या माणसाला त्यांची गरज असेल, हे आम्ही मान्य करतो. पण वाचकाला वाटते, थांबा, अजून त्या पिंपाजवळून हलू नका. आपण पुरते पाहिले नाही. धैर्याची ही सवय पुस्तकाला वारंवार आड येते. लेखक हरला असे त्याला कधी म्हणायचे नसते. आणि जो हरत नाही त्याची तहान खरी वाटायला वेळ लागतो.

दुसरा दोष अधिक गंभीर. वॉर्डर, तिंडाल, जमादार, पेटी ऑफिसर ही सगळी माणसे स्वतः जन्मठेपेचे कैदीच असत. त्यांत पठाण, बलुची पुष्कळ. सावरकर त्यांचा छळ सांगतात आणि त्याचे खापर फार सहजपणे त्यांच्या धर्मावर आणि जातीवर फोडतात. त्यांनी स्वतःच दिलेली माहिती मात्र वेगळे सांगते. कैद्याला कैद्यावर नेमा, त्याला थोडे जास्त अन्न आणि एक पट्टा द्या, आणि हाताखालच्या माणसाचे पाणी त्याच्या ताब्यात द्या. मग तो कोणत्या देवाला हाक मारतो याने फारसा फरक पडत नाही. ही व्यवस्था बारी नावाच्या आयरिश जेलरने आणि त्याच्या वरच्या साहेबांनी चालवली होती. ती इतकी नीट वर्णन केलेली असताना लेखकाने निष्कर्ष चुकीचा काढावा, याचे आम्हांला वाईट वाटते.

पण या पुस्तकात एक गोष्ट इतकी स्वच्छ आली आहे की तिच्यासाठी सगळे माफ करावे. ती म्हणजे गरजेची सवलत कशी होते. शौचाला जाऊ देणे ही जेलरची मेहेरबानी. पुस्तक देणे मेहेरबानी. वर्षातून एक पत्र ही मेहेरबानी, आणि चूक झाली की ते बंद. सख्खा मोठा भाऊ त्याच जेलमध्ये असताना त्याला भेटू न देणे हा नियम, आणि लांबून दिसू देणे ही मेहेरबानी. मेहेरबानी करणाऱ्याला ती मागे घेता येते, म्हणून तिथला सगळा कारभार मेहेरबानीवर चाले. राजकैद्यांनी संप केले ते काय मागण्यासाठी? स्वराज्य नव्हे. खाण्याजोगे अन्न, माणसाला झेपेल असे काम आणि एकमेकांशी बोलण्याची मोकळीक. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी त्रेसष्ट दिवसांच्या उपवासानंतर गेले, तेव्हाच्या मागण्याही याच जातीच्या होत्या. अन्न, कपडे, वाचायला वर्तमानपत्र. शाळेत आम्ही त्रेसष्ट हा आकडा पाठ केला होता. मागण्यांची यादी पाठ केली नव्हती.

भाषेविषयी एक गंमत. सावरकर मराठी शुद्ध करायला निघालेले, आणि त्यांनी दिलेले कितीतरी शब्द आपण रोज वापरतो. पण या पुस्तकात कोलू कोलूच राहतो, कांजी कांजीच, छिलका छिलकाच, आणि पेटी ऑफिसरलाही संस्कृत नाव मिळत नाही. आमचा समज असा की ज्या वस्तूने अंग सोलले तिला दुसरे नाव देण्याची इच्छाच होत नाही. ही प्रकरणे त्यामुळेच कानाला इतकी जिवंत लागतात. आमच्या मंडळींना धर्म आणि इतिहासावरची संस्कृतप्रचुर पाने समजावून सांगावी लागली. कोलू आणि कांजी मात्र कुणालाच समजावावी लागली नाही.

वाचन निम्मे झाल्यावर आम्ही मध्येच दोन मंगळवार दुसरे पुस्तक घेतले. प्रिमो लेव्हीचे. इटलीतल्या तोरिनोचा हा यहुदी रसायनशास्त्रज्ञ १९४४च्या फेब्रुवारीत ऑश्विट्झला नेला गेला आणि जिवंत परतला. त्याची 'हझेहू आदाम' आणि 'हाशोकइम वेहानित्सोलिम' ही पुस्तके आमच्या नातवंडांच्या पिढीला माहीत आहेत. आमच्या मंडळींपैकी फार थोड्यांनी ती हिब्रूत वाचली होती, म्हणून आम्ही जमेल तसे मराठीतून सांगत गेलो. अंदमान आणि ऑश्विट्झ एका तागडीत घालायची नाहीत, हे आम्ही पहिल्याच वाक्यात बजावले आणि इथेही बजावतो. अंदमानात माणसाला राबवायचे आणि मोडायचे होते. ऑश्विट्झमध्ये आपल्या लोकांना नाहीसे करायचे होते. आम्ही लेव्हीला आणले ते एका चमच्यासाठी.

छावणीत जेवण म्हणजे पातळ सूप. चमचा मात्र कुणाला दिला जात नसे. नवा आलेला माणूस कुत्र्यासारखा भांड्याला जीभ लावी. काही दिवसांनी त्याला कळे की चमचा मिळतो, पण काळ्या बाजारात, अर्ध्या दिवसाच्या पावाच्या बदल्यात. म्हणजे खाण्याचे साधन मिळवायला खाणे द्यायचे. लेव्ही सांगतो की छावणी मुक्त झाली तेव्हा कोठारात हजारो नवे कोरे चमचे सापडले, शिवाय आलेल्या लोकांच्या सामानातून काढून घेतलेले आणखी हजारो. टंचाई नव्हती. चमचा द्यायचा नाही असे ठरले होते. आगगाडीच्या प्रवासातही तसेच. बंद डब्यात पन्नास माणसे, पाणी नाही, शौचाची सोय नाही. त्यांच्या डब्यातल्या तान्ह्या मुलांच्या आयांनी आठवणीने एक भांडे बरोबर घेतले होते, तेवढ्यावर सगळ्यांचे भागवले. मग भिंतीत खिळे सापडले, त्यांना दोरी आणि घोंगडी बांधून एक आडोसा केला. इथे त्या पिंपाची आठवण न होणारा एकही माणूस आमच्या खोलीत नव्हता. "हे सोडून पुढे जा" म्हणणाऱ्या ताई या वेळी काही बोलल्या नाहीत.

लेव्ही आणि सावरकर यांच्यातला फरक लेखनाचा आहे. लेव्ही पिंपाजवळून हलत नाही. तो आवाज चढवत नाही, स्वतःच्या धैर्याविषयी बोलत नाही, आणि रसायनशाळेत वजन करावे तसे वजन करतो. प्रवासाच्या आदल्या रात्री इटलीतल्या छावणीत आयांनी मुलांचे कपडे धुतले आणि सकाळी काटेरी तारेवर ते छोटे छोटे कपडे वाळत होते, एवढेच तो सांगतो. आम्ही ते मराठीत सांगताना दोनदा थांबलो. सावरकरांच्या हाती ही सामग्री असती तर त्यावर एक परिच्छेद चिंतनाचा आला असता. पण न्यायाने हेही म्हणायला हवे की १९२७ साली, परसत्तेच्या राज्यात, मराठीत, तुरुंगातल्या मडक्याविषयी आणि कोपऱ्याविषयी छापून टाकायला लागणारे धाडस लहान नव्हते. त्या काळी आपल्या घरांत हे शब्द मोठ्याने उच्चारत नसत.

आता अवघड भाग. लेव्हीचा चमचा सांगून झाल्यावर विषय अपरिहार्यपणे आजवर आला. एली शराबी ४९१ दिवसांनी, ८ फेब्रुवारी २०२५ला गाझातून परतले तेव्हाचे ते चित्र कोण विसरेल? संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांनी वजन सांगितले, ४४ किलो. दिवसाला पिटाचा एखादा तुकडा, एखादा घोट चहा, पायांत साखळ्या. त्यांचे 'हातुफ' हे पुस्तक आमच्या मंडळींपैकी तिघांच्या घरी आहे. तेही मोजणीचे पुस्तक आहे, आणि त्याचे बळ तिथेच आहे. चार जणांत पिटा कशी वाटायची यावरची भांडणेसुद्धा तो माणूस लपवत नाही.

मग एका भाऊंनी सप्टेंबरमधल्या बागात्सच्या निकालाचा विषय काढला. ७ सप्टेंबर २०२५ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने म्हटले होते की आपल्या तुरुंगांतल्या सुरक्षा-कैद्यांना पुरेसे अन्न मिळत असल्याची खात्री पटत नाही, आणि जगण्यापुरते पोषण देणे सरकारला कायद्याने बांधील आहे. एका बाईंचा आवाज चढला. त्यांचा नातू मिलुइममध्ये तीनशेच्या वर दिवस काढून आला आहे. त्या म्हणाल्या, "आपली पोरं भुयारात उपाशी होती, त्यांना कुठला बागात्स होता?" त्या उठून बाहेर गेल्या आणि बाकावर बसल्या. आम्ही चहा घेऊन त्यांच्याकडे गेलो. बराच वेळ दोघी काही बोललो नाही.

त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही, कारण तो प्रश्न खरा आहे. पण आमचे मत आम्ही लपवणार नाही. इतके दिवस वाचून आमच्या हाती एवढेच लागले की ज्याच्या कमरेला किल्ली असते त्याच्या हातात पाणी, भाकरी आणि फळी असते, आणि कोठडीतला माणूस कोण आहे यावर ते मोजून देण्याची जबाबदारी ठरत नाही. तो देशभक्त असो की खुनी. इंग्रजांच्या लेखी सावरकर हे खुनाच्या कटातले गुन्हेगारच होते, हे विसरू नये. गाझातल्या भुयाराची किल्ली आपल्या हाती नव्हती. आपल्या तुरुंगांची आहे.

आणि आपल्या या देशात ही मोजणी नवी नाही. १९८०च्या दरवेश खटल्यात प्रश्न एका साध्या मिताचा, खाटेचा होता. खाट मोडून हत्यारे करतील, म्हणून सुरक्षा-कैद्यांना जमिनीवर गाद्यांवर झोपवत. बहुमताने ते मान्य केले. न्यायमूर्ती हाईम कोहन यांना मान्य नव्हते. ते अल्पमतात राहिले. २००७ साली त्याच न्यायालयाने न्यायमूर्ती अयाला प्रोकाच्या यांच्या निकालात सांगितले की प्रत्येक कैद्याला झोपायला खाट हवी. एका खाटेला सत्तावीस वर्षे लागली. यिर्मयाहू नबीला हौदाच्या गाळात टाकले तेव्हा त्याला वर काढणाऱ्या कूशी माणसाने आधी जुनी फडकी खाली सोडली, काखेत दोर काचू नये म्हणून. राजाने त्याला शहरात भाकरी होती तोवर भट्टीवाल्यांच्या आळीतून रोज एक भाकरी द्यायला लावली. हे सगळे तनाखमध्ये लिहून ठेवले आहे, फडक्यांसकट.

पुढच्या मंगळवारी त्या बाई आल्या. उशिरा आल्या, मागे बसल्या, पण आल्या. आम्ही पुन्हा 'जन्मठेपे'कडे वळलो. आजींनी विचारले, "त्या कोलूवाल्यांना शनवार होता का?" आम्ही सांगितले की शनवार तर नव्हताच, आणि रविवारचे काय ते पाहावे लागेल. पाहायला गेलो तर पुढची सोळा पाने प्रतीतून गळालेली.

तेव्हा वाचकांना विनंती. ज्यांच्याकडे 'माझी जन्मठेप'ची जुनी, पुरी प्रत असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. पोस्टाचा खर्च आम्ही देऊ आणि प्रत पुठ्ठा घालून परत करू. अक्षर मोठे असल्यास फार बरे.